पेण-रोह्यात मनाचे आजार मोजायचे तर

मानसिक आरोग्याच्या संशोधनात वैद्यकीय संख्याशास्त्रज्ञाकडे तीन प्रश्न येतात. एखाद्या भागात मानसिक आजार किती जणांना आहे? दिलेल्या उपचाराने खरोखर फरक पडला का? आणि या दोन्ही उत्तरांवर किती भरवसा ठेवावा? इतर रोगांबाबतही प्रश्न हेच असतात, पण तिथे मोजणाऱ्याच्या हाताशी काहीतरी ठोस असते. हिवतापाचा जंतू काचपट्टीवरच्या रक्तात दिसतो, मधुमेहात साखर मोजता येते. नैराश्य, चिंतेचा विकार किंवा स्किझोफ्रेनिया ओळखणारी रक्ताची तपासणी नाही. माणूस काय सांगतो, कसा वागतो, घरचे काय म्हणतात, यावरच निदान उभे राहते. विचारणारा बदलला, प्रश्नाची भाषा बदलली, सासू शेजारी येऊन बसली, की उत्तरही बदलते. म्हणून या क्षेत्रात संख्याशास्त्रज्ञाचे काम प्रश्नावली छापायला जाण्याच्या आधीच सुरू व्हावे लागते. जिथे तसे होत नाही, तिथे नंतर केलेले गणित कितीही हुशारीचे असले तरी कामी येत नाही.

हे काम कसे चालते ते पाहायला रायगड जिल्ह्यातले पेण आणि रोहा हे दोन तालुके सोयीचे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार पंधरा तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २६,३४,२०० होती. त्यात पेण तालुक्याचा वाटा सुमारे १ लाख ९५ हजार आणि रोह्याचा सुमारे १ लाख ६७ हजार. या दोन तालुक्यांत नैराश्याचे किती रुग्ण असतील, असे कोणी विचारले तर पहिला मोह राष्ट्रीय आकडा घेऊन गुणाकार करण्याचा होतो. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात ३४,८०२ प्रौढांच्या मुलाखती झाल्या आणि १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. उपचारांची गरज असूनही ते न मिळालेल्यांचे प्रमाण विकारानुसार ७० ते ९२ टक्के निघाले. देशासाठी हे काम मोलाचे आहे. मात्र ते बारा राज्यांत झाले आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. तेव्हा या आकड्याने पेण-रोह्याचा हिशेब मांडणे म्हणजे आसाम, केरळ, राजस्थान, पंजाबच्या माणसांवरून पेणच्या खाडीकाठच्या माणसाचे मन ओळखणे होय.

मग या तालुक्यांतच पाहणी करायची, तर किती जणांना भेटावे लागेल? रुग्णांचे प्रमाण साधारण १० टक्के असेल असे धरले आणि अंदाजात दोन टक्के मागेपुढे झाले तरी चालेल असे ठरवले, तर सूत्रानुसार ८६५ माणसे पुरतात. पण हे सूत्र प्रत्येक माणूस स्वतंत्रपणे, चिठ्ठी टाकून निवडला आहे असे गृहीत धरते. प्रत्यक्षात कोणी संपूर्ण तालुक्याची यादी घेऊन एकेका माणसाच्या शोधात हिंडत नाही. आधी गावे निवडली जातात आणि मग प्रत्येक गावातली वीस-वीस माणसे. एकाच गावातल्या माणसांचे पाणी, रस्ता, रोजगार, दारूचे दुकान, कर्जाचा बोजा सारखा असतो, त्यामुळे त्यांची उत्तरेही काही अंशी सारखी येतात. विसावा माणूस पहिल्याइतकी नवी माहिती देत नाही. हा सारखेपणा अगदी थोडा, म्हणजे ०.०५ इतका धरला तरी नमुना १.९५ पट वाढवावा लागतो, आणि ८६५ चे १,६८७ होतात. दहा टक्के लोक भेटणार नाहीत किंवा नकार देतील असे धरले, की आकडा १,८७५ वर जातो. गाव-समूहाचा हा परिणाम विसरून केलेल्या अभ्यासांचे निष्कर्ष आहेत त्यापेक्षा खात्रीचे दिसतात. मानसिक आरोग्याच्या जुन्या पाहण्यांत ही चूक वारंवार आढळते.

शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण त्यासाठी सारा भात एकाच हंडीतला असावा लागतो. पेण आणि रोहा ही एक हंडी नाही. पेणच्या पश्चिमेला खाडीलगतचा खारेपाट आहे. हमरापूर-जोहे भागात गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत. पूर्वेकडच्या डोंगरउतारांवर ठाकूर आणि कातकरी वाड्या आहेत. रोह्यात धाटावची औद्योगिक वसाहत आहे, तिथले कामगार पाळ्यांत काम करतात. नागोठण्याला पेट्रोरसायनांचा मोठा प्रकल्प आहे. कुंडलिकेच्या काठची भातशेतीची गावे वेगळीच. संख्याशास्त्रज्ञ अशा वेळी आधी स्तर पाडतो (शहर, खारेपाट, औद्योगिक पट्टा, डोंगरातल्या वाड्या) आणि प्रत्येक स्तरातून स्वतंत्र नमुना घेतो. वाड्यांची लोकसंख्या थोडी असल्याने तिथून मुद्दाम जास्त माणसे घेतली जातात, नाहीतर त्यांच्याविषयी काहीच ठामपणे सांगता येत नाही. अखेरच्या सरासरीत मात्र प्रत्येक स्तराला त्याच्या खऱ्या लोकसंख्येइतकेच वजन द्यावे लागते.

नमुना पाहणीचे हे शास्त्र घडवण्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनहून संख्याशास्त्र शिकून आले आणि त्यांनी पिकांच्या उत्पन्नाच्या पाहण्यांना शिस्त लावली. कापणीसाठी फार लहान तुकडा निवडला तर उत्पन्न फुगून दिसते, हे त्यांनी दाखवून दिले. कडेवरची रोपे आत धरायची की बाहेर, या संभ्रमात पाहणारा ती आतच धरतो आणि तुकडा लहान असला की या चुकीचा वाटा मोठा होतो. नमुना कितीही वाढवला तरी अशी चूक कमी होत नाही, कारण ती मोजणाऱ्याच्या हातून प्रत्येक वेळी एकाच दिशेने होते. मनाच्या आजारांच्या पाहणीत मुलाखत घेणाऱ्याकडून नेमके हेच घडते. खुद्द रोह्याशी घराण्याचे नाते असलेले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे अर्थमंत्री म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. परंतु १९४५ ते १९६४ या काळात ते महालनोबिस यांनी स्थापन केलेल्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे अध्यक्षही होते. राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० मध्ये सुरू झाली ती याच काळात.

यादीचा प्रश्न नमुन्याच्या आकाराहून अवघड असतो. जनगणनेत महसुली गाव हा एकक असतो. कातकरवाडी बहुधा त्याच गावात मोडते, पण गावठाणापासून दूर असते. सर्वेक्षक गावच्या देवळापासून सुरुवात करून दर पाचवे घर घेत निघाला तर वाडीपर्यंत पोहोचण्याआधीच त्याची वीस घरे भरतात. कागदावर वाडी निवडीत असते, प्रत्यक्षात तिला शून्य संधी मिळते. म्हणून निवडलेल्या गावाचा नकाशा काढून, सगळ्या वाड्या-पाड्यांसह घरांची नव्याने यादी करावी लागते. यात आशाताईंची मदत फार मोलाची ठरते, कारण कोणते घर कुलूपबंद आहे आणि कोणते कायमचे रिकामे, हे त्यांना माहीत असते.

त्याहून मोठा प्रश्न महिन्यांचा. अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. पाहणी फेब्रुवारीत झाली तर वाडीत म्हातारी माणसे आणि थोडी मुले भेटतात. उचल घेऊन भट्टीवर गेलेला तरुण, त्याची बायको, म्हणजे ज्यांच्यावरचा ताण समजून घ्यायला हवा तीच माणसे मोजणीबाहेर राहतात. मूर्तींच्या कारखान्यांत गणेशोत्सवाच्या आधीचे महिने रात्रंदिवस कामाचे असतात. त्या काळात झोप न लागणे, थकवा येणे, भूक मंदावणे ही लक्षणे नैराश्याची की कामाच्या घाईची, हे प्रश्नावलीला कळत नाही. गणपती आणि शिमग्याला मुंबईचे चाकरमानी घरी येतात, तेव्हा गावाची लोकसंख्याच वेगळी असते. कोणत्या महिन्यात पाहणी करावी हा वरवर व्यवस्थापनाचा वाटणारा निर्णय, पण निष्कर्ष त्यावरच ठरतो. एकाच गावात वर्षातून दोनदा जाणे महाग पडते, तरी या दोन तालुक्यांत तोच बरा मार्ग आहे.

घर निवडल्यावर घरातले माणूस कोण निवडायचे हेही सर्वेक्षकाच्या मर्जीवर सोडत नाहीत. दुपारी दार उघडणारी बहुधा घरातली बाई असते. पुरुष धाटावला पहिल्या पाळीत किंवा शेतावर. जो भेटेल त्याला विचारले तर नमुन्यात स्त्रिया आणि वृद्ध भरमसाट होतात आणि दारूचे व्यसन असलेला पुरुष जवळजवळ दिसत नाही. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांनी १९४९ मध्ये यावर एक तक्ता सुचवला. घरातल्या सर्व प्रौढांची वयानुसार यादी करायची आणि तक्ता सांगेल त्याच व्यक्तीला भेटायचे; ती नसेल तर पुन्हा यायचे, संध्याकाळी यायचे, सुट्टीच्या दिवशी यायचे, पण बदली माणूस घ्यायचा नाही. क्षेत्रीय कामातला हा सगळ्यात कंटाळवाणा नियम आहे आणि पाहणीची विश्वासार्हता बऱ्याच अंशी त्याच्या पालनावर अवलंबून असते. आणि ज्याला घरच नाही त्याचे काय? स्टेशनवर, हमरस्त्यावर भटकणारे मनोरुग्ण कोणत्याही घरयादीत येत नाहीत. रायगडातच, कर्जतला श्रद्धा पुनर्वसन केंद्रात अशा रुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवले जाते. या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घरोघरच्या पाहणीतून निघालेल्या कोणत्याही आकड्यात ही माणसे नसतात, हे अहवालात स्पष्ट लिहिणे ही संख्याशास्त्रज्ञाची जबाबदारी आहे.

आता मोजमापाच्या साधनाकडे वळू. नैराश्यासाठी जगभर वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली नऊ प्रश्नांची आहे. गेल्या दोन आठवड्यांत प्रत्येक त्रास किती वेळा झाला, याला ० ते ३ गुण. एकूण ० ते २७. दहा किंवा अधिक गुण मिळाले की नैराश्याची शक्यता धरतात. २००१ मधल्या मूळ अभ्यासात या मर्यादेवर नैराश्य असलेल्यांपैकी ८८ टक्के ओळखले गेले आणि नसलेल्यांपैकी ८८ टक्के योग्य रीतीने वगळले गेले. ऐकायला हे उत्तम वाटते, पण गावपातळीवर काय होते ते पाहावे. समजा १,००० प्रौढांपैकी ५० जणांना खरोखर नैराश्य आहे. प्रश्नावली त्यातल्या ४४ जणांना पकडेल. उरलेल्या ९५० निरोगी माणसांपैकी १२ टक्के, म्हणजे ११४ जणांनाही ती चुकून आजारी ठरवेल. एकूण १५८ जण ‘नैराश्यग्रस्त’ निघतील आणि त्यात खरे ४४, म्हणजे सुमारे २८ टक्केच. हीच प्रश्नावली रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात वापरली, जिथे समजा हजारात ३०० जणांना नैराश्य आहे, तर ३४८ जणांवर बोट ठेवले जाईल आणि त्यातले २६४, म्हणजे ७६ टक्के, खरे असतील. प्रश्नावली तीच, प्रश्न तेच. फक्त कोणाला विचारले ते बदलले.

गावातले प्रमाण १५.८ टक्के म्हणून छापून आले तर खऱ्या ५ टक्क्यांच्या तिप्पट चित्र उभे राहते. ही चूक दुरुस्त करण्याचा उपाय सोपा आहे. मिळालेल्या प्रमाणात चाचणीची निरोगी ओळखण्याची क्षमता मिळवून त्यातून एक वजा करायचा आणि दोन्ही क्षमतांच्या बेरजेतून एक वजा करून आलेल्या संख्येने भागायचे. इथे ०.०३८ भागिले ०.७६, म्हणजे बरोबर ०.०५. रोगन आणि ग्लेडन यांनी १९७८ मध्ये मांडलेले हे सूत्र शाळकरी मुलालाही सोडवता येईल. अट एवढीच की त्या भागात, त्या भाषेत ही प्रश्नावली किती अचूक आहे हे आधी तपासलेले असावे. परदेशातले ८८ आणि ८८ पेणला लागू पडतील असे धरून चालत नाही.

हा मुद्दा निव्वळ कल्पनेतला नाही. राष्ट्रीय सर्वेक्षणात, निदानाची संपूर्ण मुलाखत घेऊन, त्या वेळी नैराश्य असलेल्यांचे प्रमाण २.७ टक्के निघाले. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत झालेल्या ‘विश्राम’ या प्रकल्पात पीएचक्यू-९ वापरून सुरुवातीचे प्रमाण १४.६ टक्के आले. शेतीच्या संकटाने पिचलेल्या भागात नैराश्य जास्त असणार, यात शंका नाही. पण पाचपटीच्या या फरकात दुःखाचा भाग किती आणि साधनाचा किती, हे वेगळे केल्याशिवाय दोन आकडे शेजारी मांडणे दिशाभूल करणारे आहे.

भाषेचा प्रश्न प्रश्नावलीच्या अचूकतेच्या तपासणीतच येतो. ‘नैराश्य’ हा शब्द आगरी, कातकरी किंवा कोकणातल्या कुणब्याच्या घरात सहसा ऐकू येत नाही. लोक म्हणतात, जीव लागत नाही, छातीत धडधडतं, अंगात त्राण नाही, डोक्याला टेन्शन आहे. पुष्कळदा आधी भगताकडे जाऊन येतात. प्रश्नावलीचे मराठी भाषांतर एकाने करायचे, दुसऱ्याने ते न पाहता पुन्हा मूळ भाषेत न्यायचे, दोन्ही ताडून पाहायची आणि मग काही जणांना प्रश्न विचारून त्यांना त्यातून काय समजले ते ऐकायचे, ही रूढ पद्धत. त्यानंतर दोन मुलाखतकारांचे एकमत तपासतात. शंभर जणांबाबत दोघांचे नव्वद वेळा एकमत झाले तर काम चांगले झाले असे वाटते. पण दोघेही शंभरात दहा जणांनाच आजारी म्हणत असतील, तर डोळे मिटून शेरे मारले तरी ८२ वेळा एकमत होईलच. योगायोगाचा हा भाग वजा करणारे कप्पा हे माप जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये दिले. वरच्या उदाहरणात ते फक्त ०.४४ येते, म्हणजे मध्यमच. अशा वेळी मुलाखतकारांना पुन्हा प्रशिक्षण द्यावे लागते.

उपचाराचा परिणाम तपासणे हा कामाचा दुसरा मोठा भाग. इथे सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे आपोआप होणारी सुधारणा. ज्या दिवशी माणूस सर्वांत वाईट अवस्थेत असतो, त्याच दिवशी तो दवाखान्यात येतो आणि त्याच दिवशी त्याचे गुण मोजले जातात. पुढच्या मोजणीत ते कमी होण्याची शक्यता कोणताही उपचार न करताही जास्त असते. म्हणून ‘शंभर रुग्णांपैकी साठ बरे झाले’ या वाक्यातून उपचाराविषयी काहीच कळत नाही. तुलनेसाठी दुसरा गट हवा आणि कोण कोणत्या गटात जाणार ते चिठ्ठीने ठरायला हवे.

मराठी मुलखाला लागून असलेल्या गोव्यात याचे उत्तम उदाहरण आहे. संगाथ ही संस्था आणि लंडनचे स्वच्छता व उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालय यांनी मिळून केलेल्या ‘मानस’ चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. डॉ. विक्रम पटेल यांच्यासह या अभ्यासात हेलन वाइस आणि बेटी कर्कवुड या संख्याशास्त्रज्ञ पहिल्यापासून सहभागी होत्या. प्रश्न असा होता की मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांमुळे नैराश्य आणि चिंतेचे रुग्ण बरे होतात का? एकाच केंद्रात काही रुग्णांना समुपदेशक द्यायचा आणि काहींना नाही, असे केले असते तर डॉक्टर आणि रुग्ण दोघांच्याही बोलण्यातून नवी पद्धत दुसऱ्या गटात झिरपली असती. म्हणून व्यक्तींऐवजी संपूर्ण केंद्रेच चिठ्ठीने वाटली गेली: १२ सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि १२ खासगी दवाखाने. एकूण २,७९६ रुग्ण सहभागी झाले.

सरकारी केंद्रांत निदान पक्के झालेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांनी समुपदेशकांच्या गटातले ६५.९ टक्के बरे झाले होते, तर तुलनेच्या गटातले ४२.५ टक्के. तुलनेचा गट नसता तर हे ४२.५ टक्केही समुपदेशकांच्या खात्यावर जमा झाले असते. बरे होण्याच्या प्रमाणांचे गुणोत्तर १.५५ आले, त्याचे ९५ टक्के विश्वास-अंतराल १.०२ ते २.३५. याचा अर्थ अशा पद्धतीने पुन्हा पुन्हा अभ्यास केले तर त्यातून निघणाऱ्या अंतरालांपैकी ९५ टक्के अंतराले खऱ्या गुणोत्तराला सामावून घेतील. या विशिष्ट अंतरालाचे खालचे टोक १ ला जवळजवळ टेकले आहे. गुणोत्तर १ म्हणजे काहीच फरक नाही. रुग्ण शेकड्यांनी असूनही अंतराल एवढे रुंद का? कारण चिठ्ठी रुग्णांवर टाकली नव्हती, केंद्रांवर टाकली होती आणि सरकारी केंद्रे अवघी बाराच होती. खासगी दवाखान्यांत तर फरकाचा पुरावा मिळाला नाही. हे सगळे निष्कर्षात जसेच्या तसे लिहिले गेले, ही त्या अभ्यासाची खरी ताकद आहे. पुढे गोव्यातच दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर, या वेळी व्यक्तिशः चिठ्ठी टाकून, ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम’ या समुपदेशनाची चाचणी झाली. तीन महिन्यांनी ६४ टक्के विरुद्ध ३९ टक्के असा फरक आला आणि गुणोत्तराचे अंतराल १.३४ ते १.९३ इतके आवळले गेले. पेण किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि आसपासच्या आरोग्य केंद्रांत अशी सेवा सुरू करायची तर आधार म्हणून घ्यावेत असे हे अभ्यास आहेत.

चाचणीतली दुसरी अडचण म्हणजे मध्येच गळणारी माणसे. ‘मानस’मध्ये सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांतले ८५ ते ८८ टक्के रुग्ण पुन्हा भेटले, हे प्रमाण चांगले म्हणावे लागेल. जे भेटत नाहीत ते कोण असतात? काही बरे होऊन मुंबईला कामाला लागलेले, काही इतके खचलेले की दार उघडायलाही उठत नाहीत. त्यांना हिशेबातून वगळले तर उरलेल्यांचे चित्र खोटे ठरते. म्हणून ज्याला जो गट मिळाला त्याच गटात त्याला अखेरपर्यंत मोजतात, मग त्याने समुपदेशन घेतलेले असो वा नसो. हरवलेल्या उत्तरांच्या जागी, त्या माणसाच्या बाकी माहितीवरून अनेक संभाव्य उत्तरे बसवून गणित पुन्हा पुन्हा केले जाते. गृहीत बदलले की निष्कर्ष डगमगतो का, हे त्यातून दिसते.

गणिताचा आराखडा माहिती उघडण्याआधी लिहून ठेवण्याचा नियम असतो, तो निष्कर्ष मागाहून निवडले जाऊ नयेत यासाठी. एकाच माहितीवर वीस वेगवेगळ्या तपासण्या केल्या आणि प्रत्येकीत पाच टक्के चुकीची मुभा ठेवली, तर प्रत्यक्षात कोणताच परिणाम नसतानाही निदान एक ‘महत्त्वाचा’ निष्कर्ष मिळण्याची शक्यता ६४ टक्के असते. स्त्रियांत, चाळिशीपुढे, खारेपाटात, दारू न पिणाऱ्यांत असे गट पाडत गेले की कुठे ना कुठे काहीतरी चमकतेच. चाचणीची रचना आधीच नोंदली जावी म्हणून भारतात २००७ पासून वैद्यकीय चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे आणि २००९ पासून औषध-चाचण्यांना तिच्यात आधी नोंद करणे सक्तीचे झाले.

‘विश्राम’कडे पुन्हा पाहिले की तुलना-गटाची किंमत कळते. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोहोचलेल्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांचे हे काम ग्रामीण महाराष्ट्रासाठी फार आशादायक आहे. मात्र तुलनेसाठी ज्या गावांत कार्यक्रम नाही अशी गावे नव्हती. त्यामुळे वाढीतला कार्यक्रमाचा वाटा नेमका किती, हे त्या रचनेतून पूर्णपणे सुटे करता येत नाही. सगळ्या गावांना सेवा द्यायचीच असेल आणि तरीही तुलना हवी असेल, तर गावांचा क्रम चिठ्ठीने ठरवून टप्प्याटप्प्याने सेवा सुरू करतात. गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात पुण्यातल्या एका संस्थेने ‘आत्मीयता’ हा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम याच पद्धतीने तपासला. रायगडासारख्या जिल्ह्यात, जिथे कोणत्याही गावाला ‘तुम्हाला सेवा नाही’ असे सांगणे अन्यायाचे ठरेल, तिथे ही रचना सर्वांत योग्य वाटते.

आत्महत्यांची आकडेवारी वाचताना संख्याशास्त्रज्ञाची गरज सर्वाधिक भासते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यात महाराष्ट्रात २२,७४६, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. मात्र लोकसंख्येच्या प्रमाणात सर्वांत जास्त दर सिक्कीमचा, लाखामागे ४३.१, देशाचा १२.४. पोलिसांच्या नोंदीत सगळ्या घटना येतही नाहीत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने घरोघर जाऊन मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा पोलिसांची नोंद पुरुषांत निदान २५ टक्के आणि स्त्रियांत निदान ३६ टक्के कमी असल्याचे दिसले.

तालुक्याच्या पातळीवर आकडे आणखी फसवे होतात. देशाचा दर नुसता उदाहरण म्हणून पेणच्या १ लाख ९५ हजार लोकसंख्येला लावला तर वर्षाला सुमारे २४ मृत्यू अपेक्षित येतात. पण योगायोगानेच हा आकडा एका वर्षी १५ आणि दुसऱ्या वर्षी ३४ होऊ शकतो, काहीही बदललेले नसताना. रोह्यासाठी हीच पट्टी सुमारे १२ ते ३० अशी येते. तेव्हा एका वर्षात पेणला ३० आणि रोह्याला १६ घटना झाल्या, म्हणून पेणमध्ये काही भयंकर घडत आहे असा मथळा देणे चूक. आणि पुढच्या वर्षी २० झाल्या, म्हणून समुपदेशन केंद्राचे श्रेय घेणेही तितकेच चूक. अनेक वर्षांची बेरीज आणि शेजारच्या तालुक्यांची माहिती एकत्र पाहूनच कल सांगता येतो. प्रत्येक मृत्यू हा एका घरावर कोसळलेला डोंगर असतो, आणि म्हणूनच त्याच्या आकड्यावरून घाईने काही बोलू नये.

आपत्तीनंतरच्या अभ्यासांत उणीव असते ती आधीच्या माहितीची. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. अशा घटनांनंतर मानसिक त्रास वाढला हे सांगायला कोणाला शास्त्रज्ञ नको. तो किती वाढला, कोणात टिकून राहिला आणि कोणाला उपचारांची गरज आहे, हे सांगायला मात्र आपत्तीच्या आधीचे मोजमाप लागते. ते नसेल तर तुलनेला काही उरत नाही. दवाखान्यांच्या नोंदवह्या आणि ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या टेलिमानस या १४४१६ क्रमांकाच्या मोफत दूरध्वनी सेवेवरचे कॉल उपयोगी आहेत, पण त्यांतून मदत मागणाऱ्यांची संख्या कळते, आजारी असणाऱ्यांची नाही. सेवा चांगली झाली की कॉल वाढतात. ती वाढ आजार वाढल्याची खूण नव्हे.

शेवटचे काम अहवालाचे. त्यात प्रत्येक प्रमाणासोबत त्याचे अंतराल, किती जणांनी नकार दिला, कोण यादीतच नव्हते, हे यावे लागते. आणि काही आकडे मुद्दाम छापायचे नसतात. चाळीस घरांच्या वाडीत ‘स्किझोफ्रेनियाचे रुग्ण : १’ असे लिहिले तर तो कोण हे तालुक्याला कळते. पाचपेक्षा लहान संख्या झाकणे किंवा जवळच्या वाड्या एकत्र करून देणे, ही त्या माणसाप्रती किमान जबाबदारी आहे.

दोन तालुक्यांसाठी १,८७५ मुलाखती हे काम एका जिल्ह्याच्या ताकदीबाहेरचे नाही. रायगडात असा अभ्यास कोणी हाती घेतला, तर पहिल्या बैठकीलाच संख्याशास्त्रज्ञाला बोलवावे, आणि वाड्यांतली माणसे भट्ट्यांवरून परत येईपर्यंत थांबावे.